जुनेराचा निवारा : रानशिबिराचा एक पाठ

आपल्या विद्यालयातील सातवी ते नववीचे विद्यार्थी दरवर्षी हिवाळ्यात एक रात्र दौलताबादच्या परिसरात, एका शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या मोकळ्या शेतात काढतात. या शिबिराचा नियम एकच आहे : बाजारातून काहीही विकत आणायचे नाही. दिवाळीच्या सुट्टीवरून परतताना घरात जे जुने, विटके, निकामी म्हणून कोपऱ्यात पडलेले असेल तेवढेच सोबत घ्यायचे. आईचे जुनेर, खताच्या रिकाम्या गोण्या, सुतळीचा तोडा, गोडेतेलाचा रिकामा डबा, शीतपेयाची पारदर्शक बाटली, दाभण, मेणबत्तीचे तुकडे, एखादी ताटली. एवढ्या सामग्रीवर निवारा उभा करायचा आणि रात्र निभवायची. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेक माजी विद्यार्थ्यांनी हे शिबिर केले आहे. पायथागोरसचा सिद्धांत विसरलेले विद्यार्थीही त्या रात्रीची थंडी विसरलेले नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याआधीच्या पालकसभेत आम्ही शिबिराची माहिती देत असताना एक पालक उभे राहिले. ते ऊसतोड कामगार होते. पंधरवड्यात त्यांची टोळी साखर कारखान्याकडे निघणार होती. ते म्हणाले, “गुर्जी, आम्ही जलमभर कोपीत काढली. पोरगं त्यातून निघावं म्हणून तुमच्याकडं ठेवलं. आन् तुम्ही त्याला पुन्हा कोपीच बांधायला शिकवायलाव का?”

सभा शांत झाली. आम्ही स्वावलंबन, साहस, निसर्गप्रेम अशा शब्दांत काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नाही. त्या गृहस्थांनी मुलाला शिबिराला पाठवले, पण प्रश्न आमच्याकडेच राहिला. प्रस्तुत लेखात आम्ही शिबिराचा पाठ क्रमाने मांडणार आहोत आणि शेवटी त्या प्रश्नाकडे परत येणार आहोत.

टाकलेल्या वस्तूंची परंपरा

निकामी वस्तूंतून जीवनावश्यक साधन घडवणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. विनयपिटकात उपसंपदा घेणाऱ्या भिक्खूला चार निस्सय, म्हणजे जगण्याचे चार किमान आधार, सांगितलेले आहेत. भिक्षेत मिळालेले अन्न, पंसुकूल चीवर, झाडाच्या बुंध्याशी निवास आणि अगदी साधे औषध. पंसुकूल म्हणजे उकिरड्यावर, वाटेवर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या. त्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि शिवून वस्त्र करायचे. हे तुकडे कसे जोडावेत याचा नमुना तथागतांनी मगधातील भातशेतीकडे बोट दाखवून सुचवला आणि आनंदाने त्याप्रमाणे चीवर शिवले, अशी कथा महावग्गात आहे. आजही चीवराकडे नीट पाहिले तर बांध घातलेल्या वाफ्यांची ती आखणी दिसते.

चुल्लवग्गात याहून उद्बोधक प्रसंग आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदाने क्रमाने उत्तर दिले. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. जीर्ण चीवरांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची बैठकीची बिछायत, तिचे पायपुसणे, त्याचा झाडणीचा फडका. आणि शेवटी त्या फडक्याच्या चिंध्या करून चिखलात कालवू व जमिनीला लिंपू.

आपल्या माता याहून वेगळे काय करतात? लुगडे विटले की जुनेर होते. चार जुनेरांची वाकळ होते, वाकळ फाटली की पायपुसणे होते, आणि पायपुसण्याचे पोतेरे सारवणाच्या शेणात बुडते. ज्या बायांना कोणी विनयपिटक वाचून दाखवले नाही त्यांनी ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. शिबिराच्या पहिल्या तासाला आम्ही हे सांगतो, कारण विद्यार्थी घरून जुनेर आणताना ते पिशवीच्या तळाशी लपवून आणतात.

आधी अंगाखालचे

आता निवाऱ्याकडे येऊ. निवाऱ्याचा पहिला नियम आम्ही कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आम्ही तेव्हा तिसरीत होतो. एका सायंकाळी शेजारच्या गावातील वस्ती पेटल्याची वार्ता आली. वडील आणि इतर पुरुष वस्तीत थांबले. आजीने आम्हा भावंडांना घेऊन घर सोडले. निघताना तिने काय उचलले ते आजही डोळ्यांसमोर आहे : दोन गोणपाटे, एक जुनेर, बैलाचे दावे आणि पाण्याची चरवी.

ज्वारी गुडघ्याएवढीच होती, तिच्यात लपता येत नव्हते. ओढ्याच्या कपारीत उतरावे असे आम्हाला वाटले. आजीने उतरू दिले नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला तर रात्री पाणी येते, हे तिला ठाऊक होते. काठापासून दूर, चढावर, कडुनिंबाच्या दोन झाडांमध्ये तिने जागा निवडली. रिमझिम सुरू होती. आम्ही जुनेर डोक्यावर ओढू लागलो तेव्हा ती म्हणाली, “अंगावरचं मागून बघू. आधी अंगाखालचं बघा. भुई ऊब पिऊन टाकती.” तिने लिंबाच्या डहाळ्या मोडून वीतभर जाड थर रचला, त्यावर एक गोणपाट पसरले आणि आम्हाला त्यावर एकमेकांना चिकटून बसवले. दुसऱ्या गोणपाटाची खोळ करून धाकट्या बहिणीच्या डोक्यावर घातली. दावे दोन झाडांना बांधून त्यावर जुनेर वाऱ्याच्या बाजूने तिरपे सोडले. ते कापड भिजले, ठिबकलेही, पण वाऱ्याचा मारा अडला. दिवा लावला नाही. कोणी मोठ्याने बोलले नाही. सकाळी परतलो तेव्हा आमची वस्ती शाबूत होती. शेजारच्या गावची नव्हती.

आजीच्या त्या वाक्यामागचे विज्ञान पुढे शिकलो. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की शरीराची यंत्रणा बिघडू लागते. थरथर सुटते, बोटे वळत नाहीत, पुढे विचारही मंदावतो. हे घडण्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थंड जमीन एवढे तीन शत्रू एकत्र आले तर मराठवाड्यातील हिवाळ्याची रात्रही पुरेशी असते. हवेपेक्षा ओली जमीन शरीरातील उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेते. म्हणून शिबिरात पहिला तास छपराचा नसतो, अंथरुणाचा असतो. वाळलेले गवत, कडबा, उसाचे पाचट, पालापाचोळा, जे मिळेल ते जमवायचे. त्यावर बसून पाहायचे. दबल्यानंतर एक वीत उरले पाहिजे. नवखे विद्यार्थी नेहमी कमी जमवतात आणि मध्यरात्री उठून पुन्हा गवत गोळा करतात.

जागा, कापड आणि गाठ

जागा निवडताना चार गोष्टी टाळायच्या : पाण्याची वाट, एकटे उंच झाड, वाळलेल्या फांद्यांची सावली आणि वारूळ. किल्ल्याच्या किंवा कड्याच्या परिसरात पाचवी गोष्ट आहे, ती म्हणजे आग्या मोहोळ. पोळे दिसले की तिथून दूर जायचे. धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, म्हणून मुक्काम आणि चूल या दोन्ही गोष्टी आपण शेतातच करतो.

छपरासाठी सर्वांत उत्तम कापड म्हणजे खताच्या रिकाम्या गोण्या. त्या विणलेल्या प्लास्टिकच्या असतात, चिवट असतात आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी मिळतात. प्रथम त्या उलट्या करून भरपूर पाण्याने धुवायच्या, कारण आत खताचा अंश असतो. मग शिवण उसवून सपाट करायच्या आणि दाभण-सुतळीने एकमेकींना जोडायच्या. जोडताना वरच्या गोणीची कड खालच्या गोणीवर चार बोटे आली पाहिजे, कौले घालतात तशी. उलटे शिवले तर पावसाचे पाणी शिवणीतून आत येते. सहा ते आठ गोण्यांत तीन मुलांचे छप्पर होते.

कापड बांधण्याची युक्ती आम्ही किल्लारीला शिकलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. आम्ही तेव्हा इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होतो आणि मित्रांबरोबर मदतीला गेलो होतो. वाचलेली माणसे पावसात उघड्यावर होती. ताडपत्र्यांचे गठ्ठे आले होते. आम्ही सुशिक्षित तरुणांनी त्यांच्या कोपऱ्यांना भोके पाडून दोऱ्या ओवल्या आणि रात्रीच्या वाऱ्यात त्यातील निम्म्या फाटल्या. सकाळी पालात राहणाऱ्या भटक्या समाजातील एक बाई आल्या. त्यांनी लिंबाएवढा गोल गोटा घेतला, कापडाच्या कोपऱ्यात ठेवला, कापड त्याभोवती गोळा केले आणि गोट्याच्या मागे दोरीची गाठ मारली. भोक नाही, त्यामुळे फाटण्याला सुरुवातच नाही. जितके ओढावे तितके घट्ट. आम्ही शिबिरात ही रीत शिकवतो तेव्हा ती कोणाकडून शिकलो हेही सांगतो.

गाठी दोनच पुरतात. जी सकाळी सोडायची आहे ती सुरगाठ, जी सोडायची नाही ती निरगाठ. मुले सर्वत्र निरगाठी मारतात आणि सकाळी सुतळी कापावी लागते. सुतळी कापली की दुसऱ्या रात्रीसाठी ती तोकडी पडते. छपराची मधली दोरी कमरेच्या उंचीवर असावी. उंच छप्पर ऐटदार दिसते, पण वारा त्यात शिरतो आणि अंगाची ऊब त्यात साठत नाही. पाठ वाऱ्याकडे, तोंड विरुद्ध बाजूला. चढाच्या बाजूने चार बोटे खोल चर खणून पाणी दोन्ही अंगांना वळवायचे.

पोते, डबा आणि सुई

पावसात चालायचे असेल तर गोणपाटाची खोळ करावी. पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोपीसारखा आकार होतो. तो डोक्यावर घेतला की पाठ कमरेपर्यंत झाकली जाते आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. कोकणात यासाठी इरले असते, धनगर बांधवांकडे घोंगडीची खोळ असते, आपल्याकडे पोते. वस्तू वेगळ्या, बुद्धी एक.

गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याची चूल होते. खालच्या अंगाला लाकूड सरकवण्यापुरते एक तोंड कापावे, वरच्या कडेला हवेसाठी भोके पाडावीत. कापलेली कड पक्कडीने आत दुमडावी. शिबिरातील बहुतेक जखमा विंचवाने नव्हे, पत्र्याने होतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीपेक्षा ही चूल कमी लाकडात पाणी उकळते, कारण वारा ज्योत पळवत नाही. परंतु एक नियम अभंग आहे : गोण्यांच्या छपराखाली कोणतीही चूल, शेगडी किंवा निखारे नेऊ नयेत. प्लास्टिक क्षणात पेटते. आणि बंदिस्त जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला वास नसतो. झोपलेला माणूस त्याने जागा न होताच दगावतो.

काड्यांची पेटी भिजू नये म्हणून काड्यांची डोकी वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावीत. ताटली चकचकीत घासलेली असेल तर उन्हात तिचा कवडसा दूरवर दिसतो आणि अंधारात ती वाजवता येते. वाट चुकलेल्याने थांबून थांबून तीन-तीन ठोके द्यावेत. सुई-दोरा मात्र प्रत्येकाकडे हवाच. भिक्खूच्या आठ परिक्खारांत, म्हणजे अवघ्या आठ वस्तूंच्या संसारात, एक जागा सुईला दिलेली आहे. जो टाकलेल्या कापडावर जगतो त्याला सुई ही चैन नाही.

पाणी

त्याच आठ वस्तूंत दुसरी एक वस्तू आहे : परिस्सावन, म्हणजे पाण्याचे गाळणे. त्यासंबंधी चुल्लवग्गात एक कथा आहे. दोन भिक्खू कोसल देशातून प्रवास करत होते. वाटेत एकाने दुसऱ्याला त्याच्या गैरवर्तनाबद्दल टोकले, त्यामुळे दुसरा रागावला. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले. सोबत्याने रागापोटी दिले नाही, आणि तो भिक्खू तहानेने मरण पावला. तथागतांना हे कळल्यावर त्यांनी नियम घालून दिला : प्रवासात गाळणे मागितले असता नाकारता येणार नाही, आणि गाळण्यावाचून प्रवासाला निघू नये. गाळणे नसलेच, तर संघाटीच्या म्हणजे अंगावरच्या वरच्या वस्त्राच्या कोपऱ्याने पाणी गाळून प्यावे.

अंगावरच्या कापडाने पाणी गाळण्याची ही रीत आधुनिक विज्ञानानेही तपासली आहे. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या चार घड्या घालून त्यातून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक उपयोगी ठरते, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात. जुनेराची किंमत अशी प्रयोगशाळेतही सिद्ध झाली.

मात्र गाळणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. गाळलेले पाणी खळखळून उकळावे. जळण नसेल तर ते स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात आडवे सहा तास ठेवावे. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. गढूळ पाण्याला ही रीत चालत नाही, म्हणून आधी गाळणे आवश्यक. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा.

पाण्याचा हा पाठ आम्ही वर्गात घेत नाही, दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी घेतो. याला कारण आहे. १९३४ साली बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. त्रास टाळण्यासाठी त्यांनी दौरा जाहीरही केला नव्हता. वाटेत ते दौलताबादला थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. ते दारापाशी पोहोचतात तोच एक वृद्ध ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. हा जमाव मुस्लिमांचा होता. हिंदूंनी लादलेली अस्पृश्यता इतर धर्मीयांच्या वागण्यातही कशी उतरली होती, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी पुढे हा प्रसंग लिहून ठेवला.

मुले ही हकीकत ऐकतात तेव्हा त्यांच्या हातात त्यांनीच गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या असतात. एकदा एका मुलीने विचारले, “सर, मग बाबासाहेबांनी आपली बाटली का नाही नेली?” आम्ही तिला एवढेच विचारले की, तुझ्या बाटलीतले पाणी संपल्यावर तू काय करशील? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग हौदच लागेल.” रानात पाणी मिळत नाही तेव्हा युक्ती उपयोगी पडते. भरलेल्या हौदावर पहारा असतो तेव्हा युक्ती पुरत नाही, तिथे हक्कच लागतो. हे आमच्यापेक्षा तिने लवकर ओळखले.

कोपीतला अध्यापक

ज्या पालकांनी सभेत प्रश्न विचारला होता त्यांचा मुलगा त्या वर्षी आठवीत होता. अबोल, वर्गात मागे बसणारा. ‘माझे घर’ या निबंधात त्याने स्लॅबचे घर, दारात तुळस आणि अंगणात मोटारसायकल लिहिली होती. आम्ही ती वही तपासताना काही बोललो नव्हतो.

शिबिराच्या रात्री नऊच्या सुमारास वारा सुटला. आम्ही मोठ्या कौतुकाने उभे केलेले नमुन्याचे छप्पर शिडासारखे फुगले आणि एका बाजूने उचकटले. आम्ही दोऱ्या ताणू लागलो. तो मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, कापड ताणायचं नसतंय. दाबायचं असतंय.” त्याने मधली दोरी वीतभर खाली आणली, वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवली, तिच्यावर ढेकळांची ओळ रचून माती ओढली आणि दुसरी बाजू किंचित सैल सोडली. छप्पर शांत झाले. मग तो शेजारच्या गटाकडे गेला, तिथून पुढच्या. रात्री अकरापर्यंत त्याने सर्वांची छपरे नीट केली. कोणीतरी विचारले, तुला हे कुठून येते? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आम्ही दरसाल सहा महिने यातच असतो.” आम्ही त्या आवाजात लाज शोधत होतो. ती नव्हती.

ही लाज मुलांनी जन्मतः आणलेली नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पालात राहणाऱ्या कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची त्या शिक्क्यातून मुक्तता झाली. कायदा गेला, पण पाल दिसले की नाक मुरडणारी नजर राहिली. त्या नजरेखाली वाढणारे मूल आईबापांचे ज्ञान विसरण्यालाच शिक्षण समजू लागते.

हंगाम संपल्यावर वडील मुलाला भेटायला आले. गुर्जींनी कोपी शिकवली का, असे त्यांनी हसत विचारले. मुलगा म्हणाला, “त्यांनी नाही. मी त्यांना शिकवली.”

प्रश्नाचे उत्तर

आता त्या पालकांचे ऋण फेडतो.

विनयात देवदत्ताची एक मागणी नोंदलेली आहे. त्याने तथागतांना सांगितले की, भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, आजन्म चिंध्यांचेच वस्त्र नेसावे, आजन्म झाडाखालीच झोपावे, असे नियम करा. वरवर पाहता ही मागणी त्यागाची वाटते. तथागतांनी ती नाकारली. ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गावात राहावे; चिंध्यांचे वस्त्र किंवा गृहस्थाने दिलेले वस्त्र, जे हवे ते घ्यावे; आणि झाडाखालचा निवास आठ महिनेच, पावसाळ्यात नाही. किमान गरजांत जगण्याची कला त्यांनीच शिकवली होती, पण तिची सक्ती त्यांनी होऊ दिली नाही.

पालकहो, आमचे उत्तर हेच आहे. आपल्या मुलाला आम्ही कोपीत राहायला शिकवत नाही. एक रात्र निवारा उभा करता येणे हे ज्ञान आहे. सहा-सहा महिने, पिढ्यान्‌पिढ्या त्याच निवाऱ्यात राहावे लागणे हा अन्याय आहे. पहिले आपल्याजवळ ठेवायचे आहे आणि दुसरे संपवायचे आहे. कोपी बांधणाऱ्या हातांना पक्के घर, शुद्ध पाणी आणि मुलांची शाळा मिळालीच पाहिजे, आणि ते मागताना “तुम्हाला सवय आहे की” असे कोणी म्हटले तर त्याला देवदत्ताची गोष्ट सांगावी.

शेवटी इतिहासाचा अध्यापक म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्या लांबच्या वाटेवर सामान्य माणसांनी मुलाबाळांसह रात्री कशा काढल्या, अंगाखाली काय घेतले आणि पाणी कसे गाळले, हे त्यात नसते. आपण आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर सावली कशाची केली? पाल कसे उभारले? पोत्याची खोळ कशी घातली? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून विद्यालयाकडे पाठवावे. पुढच्या शिबिरात ते मुलांना वाचून दाखवू.

आमच्या आजीचे वाक्य आम्ही या लेखात प्रथमच लिहून ठेवले आहे. ती लिहू शकत नव्हती. ज्या बाभूळबनाच्या वाटेने तिने आम्हाला त्या रात्री नेले ती वाट आता डांबरी झाली आहे, आणि कडुनिंबाची ती दोन झाडे गेली आहेत. यंदाच्या हिवाळ्यातील शिबिरासाठी मुलांनी सामानाची यादी केली, तिच्यात पहिली ओळ आहे : आईचे जुनेर. या वर्षी ते कोणी पिशवीच्या तळाशी ठेवू नये, एवढे आम्ही त्यांना सांगणार आहोत.